बदल मागे घेत आहोत

सुटीच्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा तिने तो न बघताच उशीखाली सारला. आठवडाभर हॉस्पिटलातल्या प्रत्येक मजल्यावरच्या कॉम्प्युटरांची सिस्टीम बदलायचं काम चाललं होतं. कॉम्प्युटर विभागात माणसं दोनच, ती आणि तिचे पाठदुखीवाले साहेब. साहेब पाठ धरून खुर्चीत बसायचे आणि टेबलाखाली शिरायचं काम तिच्याकडे यायचं. कोपरं खरचटली होती. डोळे मिटले तरी समोर पडद्यावरचे ते गोल फिरणारे ठिपके दिसत होते.

फोन थांबला आणि पुन्हा वाजला. तिने उशीखालून काढून पाहिला. 'आई तिकडच्या'.

तिकडच्या आई म्हणजे तिच्या सासूबाई. म्हणजे एके काळच्या. लग्न मोडून बराच काळ लोटला होता, रीतसर सह्याही झाल्या होत्या, पण मोबाइलमधलं नाव तेवढं बदलायचं राहिलं होतं. खरं तर बदलून काय घालावं हेच तिला सुचलं नव्हतं. गल्लीत त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणायचे, कारण पूर्वी त्या शिवणाचे वर्ग घ्यायच्या. पण जिला इतकी वर्षं आई म्हटलं तिला एकदम मास्तरीणबाई कशी म्हणणार?

"झोपली होतीस का गं?"

"नाही, उठलेच होते. बोला आई."

"कॉम्प्युटर बिघडलाय. म्हणजे बिघडला नाही, चालू आहे. पण चालू होत नाही."

ती उठून बसली. "काय दिसतंय त्याच्यावर?"

"'बदल मागे घेत आहोत, कॉम्प्युटर बंद करू नका.' मग तो आपणच बंद होतो. मग आपणच चालू होतो, आणि परत तेच. कालपासून चाललंय. मी बंद केलेला नाही हं, नको म्हणतोय ना तो."

"पण मुळात बदल करायला कोणी सांगितलं?"

"छोटूने," त्या म्हणाल्या. "फोनवर सांगितलं, जुनी सिस्टीम आता सुरक्षित नाही, तो विचारेल तेव्हा होय म्हण. मी होय म्हटलं."

छोटू म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, आणि तिचा नवरा होता तो. चांगला सहा फुटांचा माणूस, पण घरात छोटूच राहिला. नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला तो 'येतो, येतो' म्हणत तिकडचाच झाला. भांडण असं कधी झालंच नाही. येतो या शब्दाची वाट बघून बघून ती एक दिवस थकली, एवढंच.

"येते," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडली. मग बसमध्ये बसल्या बसल्या तिने ठरवून टाकलं. हे शेवटचं. आज दुरुस्त करायचं आणि तोंडावर सांगायचं, की आई, यापुढे दुकानातल्या माणसाला बोलवा. त्या घरी जाऊन आलं की पुढचे दोन-तीन दिवस कशात लक्ष लागायचं नाही. आता तेवढीही ताकद शिल्लक नव्हती.

मास्तरीणबाईंची खोली पहिल्या मजल्यावर, खाली सायकलींचं दुकान. खोलीच्या मधोमध कापायचं लांबलचक टेबल, भिंतीशी दोन शिलाई मशिनं, आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी टेबलाएवढा रुंद प्रिंटर. तयार कपडे ज्यांच्या अंगाला बसत नाहीत अशा माणसांचे कपडे मास्तरीणबाई शिवायच्या. कोणाच्या पाठीला बाक, कोणाचा एक खांदा उतरलेला, कोणाचं ऑपरेशन झालेलं. अशा प्रत्येकाचा खाका त्या एका जुन्यापुराण्या प्रोग्रॅममध्ये काढायच्या आणि त्या रुंद प्रिंटरवर खऱ्या मापाचा कागद छापून त्यावरून कापड बेतायच्या. हे सगळं त्यांना शिकवलं होतं तिनेच, सून असताना.

"आज संध्याकाळी एक मुलगी येणार आहे," त्या म्हणाल्या. "पाठीला पट्टा लावते. परवापासून नोकरीवर हजर व्हायचंय, पहिलीच नोकरी. कागद अंगाला लावून बघायचा आणि उद्या शर्ट शिवून द्यायचा, असं कबूल केलंय मी."

"आणि कागद नाही मिळाला तर? परत मापं घेता येणार नाहीत?"

"घेता येतील की. पण पट्टा काढून उभं राहावं लागतं तिला. मागच्या वेळी अर्ध्यात डोळ्यात पाणी आलं होतं पोरीच्या. पुन्हा नाही करणार मी ते."

तिने बाही वर सारली आणि टेबलाखाली शिरली.

कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं तर आत इतके धागे आणि इतकी कापडाची लव, की एखाद्या पाखराने घरटं केलं असावं. तिने ब्रशने सगळं झाडून काढलं. मग तिचं लक्ष पडद्यावरच्या तारखेकडे गेलं. कॉम्प्युटरच्या मते अजून तिचं लग्नही व्हायचं होतं. आतला गोल सेल संपला की घड्याळ असं मागे जातं, आणि तारीखच खोटी म्हटल्यावर कंपनीकडून उतरलेल्या बदलांवर यंत्राचा विश्वास बसत नाही. हॉस्पिटलात आठवडाभर तिने हेच पाहिलं होतं.

"आई, असा गोल सेल आहे का घरात?"

मास्तरीणबाईंनी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणला, उलटा केला आणि नखाने त्यातला सेल काढून दिला. "साखर काय, अंदाजानेही घेता येते," त्या म्हणाल्या.

तारीख लागली. मग तिने आपल्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि सगळ्यात आधी गिऱ्हाइकांचे सगळे खाके आपल्या डिस्कवर उतरवून घेतले. तेवढं झाल्यावर तिच्या खांद्यांवरचा ताण जरा उतरला. आता काहीही झालं तरी लोकांची मापं तरी जाणार नव्हती.

दुसरी अडचण जागेची होती. डिस्क काठोकाठ भरलेली, आणि नव्या सिस्टीमला पाय ठेवायला जागा नाही. खाके चिमूटभर, बाकी सगळं 'छोटू' नावाच्या एका कप्प्यात. गेम, सिनेमे, कॉलेजातली गाणी, अर्धवट उतरवलेलं काय काय. तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"हं," तो म्हणाला. "तू गेलीस का तिकडे? सॉरी गं, मला वाटलं होईल आपोआप."

"डिस्क तुझ्या सामानाने भरलीय. काढू का?"

"सगळं? नको. थांब जरा. मी येतो तेव्हा बघतो, नीट लावतो."

या वाक्यावर तिचं बोलणं केव्हाच संपलं होतं. मास्तरीणबाई कापायच्या टेबलाशी उभ्या राहून खडू घासत होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "केव्हा येतोयस?"

"बघतो ना आई. या महिन्यात जरा..."

"बरं. ठेव," त्या म्हणाल्या आणि जवळ येऊन त्यांनीच फोन बंद केला. मग तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "काढ सगळं. कपाट रिकामं केलं त्याचं, तेव्हा कुठे कापड ठेवायला जागा झाली मला."

तिने तो कप्पा काढून टाकला. बोटाने एकदा दाबलं, यंत्राने खात्री विचारली, तिने पुन्हा दाबलं. आपल्याला बरं वाटतंय की वाईट, हे तपासून बघायचाही तिला कंटाळा आला.

जागा झाली आणि जुनी सिस्टीम एकदाची उघडली. निळा पडदा, त्यावर प्रोग्रॅमचं चिन्ह, सगळं जागच्या जागी. मास्तरीणबाईंनी खुर्ची ओढली. "झालं की. आता तेवढा कागद छाप आणि सोड त्याला."

खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात बसमधला निश्चय होता. अर्धवट सोडलं की महिन्याभरात हेच पुन्हा होणार, पुन्हा फोन येणार, पुन्हा आपण नाही म्हणणार नाही. कायमचं मिटवून टाकायचं तर नवी सिस्टीम घालूनच मिटेल.

"थोडा वेळ द्या, आई. पूर्णच करून टाकते. म्हणजे परत कटकट नको."

"तुझं तू जाण," त्या म्हणाल्या.

तिने पेन ड्राइव्हवरून अपग्रेड सुरू केलं. टक्के चढत गेले, आणि मग पडदा काळा झाला तो काळाच राहिला. पंखा फिरतोय, दिवा लुकलुकतोय, चित्र नाही. ती वायरी बघायला पुन्हा टेबलाखाली शिरली. तेवढ्यात दारावर टकटक झाली. त्या पट्टा लावणाऱ्या मुलीची आई होती. संध्याकाळी नक्की यायचं ना, हे विचारायला आलेली. टेबलाखालून बाहेर आलेले दोन पाय बघून त्या बाईने विचारलं, "हे कोण?"

"ही आमची कॉम्प्युटरवाली," मास्तरीणबाई म्हणाल्या. "या तुम्ही संध्याकाळी. होतंय."

टेबलाखाली तिचा हात थांबला. लागावं असं त्यात काही नव्हतं, आणि तरी लागलं. बाई गेल्यावर ती बाहेर आली, गुडघे झटकले आणि अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाली, "कॉम्प्युटरवाली का?"

"मग काय सांगू? सून म्हटलं तर ती विचारणार, मुलगा कुठंय. सून होती म्हटलं तर ती खुर्ची ओढून बसणार. मला काम आहे."

यावर तिला हसूच आलं, आणि मास्तरीणबाईंनाही. हसता हसता तिला एकदम सुचलं. छोटूने कधी तरी गेम खेळायला एक जादाचं ग्राफिक कार्ड बसवून घेतलं होतं. इतकं जुनं, की नवी सिस्टीम त्याला ओळख दाखवणार नाही. तिने कार्ड उपसून काढलं, पडद्याची वायर मशिनच्या मूळ सॉकेटात लावली आणि पुन्हा सुरू केलं. पडद्यावर चित्र आलं.

बाकीचं सरळ झालं, फक्त फार हळू. त्या वेळात चहा झाला, बिस्किटं झाली, आणि ती खुर्चीत बसल्या बसल्या एक डुलकी काढून उठली. उठली तेव्हा नवी सिस्टीम उघडलेली होती आणि तिचं स्वागत करत होती. प्रोग्रॅम नखरे करत का होईना, पण उघडला. त्या मुलीचा खाका पडद्यावर आला. पाठीचा अर्धा भाग एका बाजूला झुकलेला, बाहीचा मुंढा एकीकडे खोल, एकीकडे उथळ. तिने छापायला सांगितलं.

प्रिंटर ढिम्म. नव्या सिस्टीमच्या लेखी असा प्रिंटर जगात नव्हताच. तिने वायर बदलली, प्रिंटरच्या कंपनीच्या वेबसाइटवर शोधलं, हॉस्पिटलात चालून गेलेल्या सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. उन्हं भिंतीवरून सरकत मशिनांपर्यंत आली. शेवटी तिने हात खाली सोडले.

"याला नाही होणार, आई. कंपनीने याच्यासाठी पुढे काही बनवलेलंच नाही. पण अडत नाही काही. मी खाका फाइल करून देते. चौकात घरांचे नकाशे छापणारं दुकान आहे ना, ते एवढा कागद चुटकीसरशी छापतात. यापुढे तिकडूनच छापून आणायचं. आत्ता मी जाऊन आणते."

मास्तरीणबाईंनी पडद्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नाही."

"का?"

"त्या पोरीची पाठ दुकानातल्या माणसाच्या टेबलावर पसरायची? वर तिचं नाव? रांगेतले चार जण वाकून बघणार, हे काय म्हणून."

"नाव काढून टाकू. कोणाला काय कळणार? रेघा तर आहेत."

"तुला कळलं ना बघितल्याबरोबर? त्यांनाही कळेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्याकडे माणसं येतात ती मी दार लावून घेते म्हणून येतात. मागे ने त्याला. होता तसा कर."

तिला रडावंसं वाटलं. दिवसभर खपून वर चढवलेलं ओझं पुन्हा खाली उतरवायचं. साहेबांनी असं सांगितलं असतं तर तिने ऐकवलं असतं काही तरी. पण त्या खाक्यातली ती उतरती रेघ खरोखरच तिला पहिल्या नजरेत कळली होती. तिने सेटिंग उघडली आणि जुन्या सिस्टीमवर परत जायचं बटण दाबलं. 'कारण सांगा,' यंत्राने विचारलं. तिने यादीतलं पहिलं हाताला लागलं ते निवडलं.

पडदा पुन्हा तेच म्हणू लागला, की बदल मागे घेत आहोत. दोघी शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसून ठिपके बघत राहिल्या. आता बोलायला हवं होतं. बसमध्ये घोकलेली वाक्यं एकही आठवेना.

"आई, मी यापुढे नाही येणार."

"हं."

"कारण काही नाही. म्हणजे तुम्ही काही केलं असं नाही. दमलेय मी."

"मग हे कारण नाही तर काय आहे?" मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी मांडीवरच्या कापडाची घडी मोडली, पुन्हा घातली. "मी आधी दुकानातल्याला बोलावलं होतं. काल. तो म्हणाला, भंगारात द्या. तुला फोन करायचा नाही, असं मागच्याच वेळी ठरवलं होतं मी. तू गेलीस ना, की मला वाटायचं, हिला उगीच धरून ठेवलंय आपण. मुलाने सोडलं ते सोडलं, आणि आई सोडत नाही. रात्रभर तो ठिपका फिरताना बघितला आणि सकाळी केला फोन. पोरीच्या पट्ट्यामुळे केला, नाही तर नसता केला."

"मला बोलला असतात तरी चाललं असतं."

"तू तरी कुठे बोललीस?"

खालच्या दुकानात कोणी तरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं.

"माणूस म्हणून यायला हरकत आहे का?" जरा वेळाने मास्तरीणबाईंनी विचारलं. "यंत्राला हात न लावता."

"ते बघावं लागेल," ती म्हणाली. खोटं बोलायचं नव्हतं तिला. "आत्ता नाही सांगता येत."

"बरं. घाई नाही."

जुनी सिस्टीम परत आली. तिने लगेच इंटरनेटची वायर उपटली, गुंडाळली आणि मास्तरीणबाईंच्या हातात दिली. "ही परत लावायची नाही. छोटूने सांगितलं तरी नाही. हा आता फक्त खाके काढेल आणि छापेल, बाकी जगाशी त्याचा संबंध नको. आणि आई, हा फार दिवस टिकणार नाही. चालतोय तोवर सगळ्यांचे कागद जाडसर कागदावर छापून ठेवा. हाताशी राहतील."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे. रोज थोडे थोडे."

प्रिंटर खरखरला, घसा साफ केल्यासारखा अडखळला आणि मग कागद येऊ लागला. मास्तरीणबाईंनी एक टोक धरलं, तिने दुसरं. शाई जरा फिकी होती, पण रेघ कुठे तुटली नव्हती.

मुलगी आली ती आईच्या मागे मागे. दार लावल्यावरच तिने ओढणी काढली. मास्तरीणबाईंनी कागदाचे भाग टाचण्यांनी जोडून पट्ट्यावरून तिच्या अंगाला लावले, मागे सरकल्या, मान कलती केली, एके ठिकाणी पेन्सिलीने किंचित खूण केली. मुलीला आरसा दाखवला. कागदाच्या शर्टात ती जरा अवघडून उभी राहिली, आणि मग तिने हळूच दोन्ही खांद्यांना हात लावून बघितलं.

"सरळ दिसतात," ती म्हणाली.

"शर्टात दिसतील," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हात वर कर बघू."

कॉम्प्युटरवाली तोवर आपल्या वस्तू पिशवीत भरत होती. डिस्कवर उतरवलेले खाके तिने त्या घरातच दुसऱ्या एका डिस्कवर घालून दिले आणि आपल्याकडचे पुसून टाकले. निघताना तिने मास्तरीणबाईंना खुणेनेच 'जाते' म्हटलं. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून त्यांनीही मानच हलवली. परतीच्या बसमध्ये तिला इतकी गाढ झोप लागली की कंडक्टरने खांदा हलवून उठवलं.

तो फोन पुन्हा आला नाही. पहिल्या काही सुट्यांना ती सकाळी आपोआप जागी व्हायची आणि पडून राहायची. मग तसं होणंही थांबलं. बऱ्याच दिवसांनी हॉस्पिटलात, पट्टे बसवतात त्या विभागात ती एक कॉम्प्युटर बघायला गेली, तेव्हा बाकावर ती मुलगी बसलेली होती. अंगात निळसर शर्ट, खांदे खरोखर एका रेषेत. मुलीने तिला ओळखलं.

"मास्तरीणबाईंचा कॉम्प्युटर गेला, तुम्हाला कळलं का? धूर आला म्हणे. पण त्यांचं काही अडलं नाही. सगळ्यांचे कागद आधीच छापून ठेवलेत, भिंतीशी नुसत्या गुंडाळ्याच गुंडाळ्या. नव्या गिऱ्हाइकांना मात्र नाही म्हणतात आता."

"कधी गेला?"

"झाला असेल महिना."

एक महिना, आणि त्यांनी कळवलं नव्हतं. ठरवलं ते पाळलं होतं त्यांनी. तिला हलकं वाटायला हवं होतं, तसं ते वाटलंही, पण तेवढंच वाटलं नाही. तिने विभागातलं काम उरकलं, जिन्यात येऊन उभी राहिली आणि फोन लावला.

"आई, मी बोलतेय."

"बोल. आवाज बसलाय का तुझा?"

"नाही. दमलेय नेहमीसारखी. रविवारी घरी आहात का?"

"मी कुठे जाणार?" मास्तरीणबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "उशिरा ये. आधी झोप पुरी कर."